आईकडून आलेले पाय

शेवंतीचे पाय नेहमी तिच्या आधी दमायचे. मन केव्हाच केळबायच्या देवळापाशी, नाहीतर डिचोलीच्या बाजारात जाऊन पोचलेलं असायचं, आणि पाय मागे राहिलेले. ओल्या रेतीची पोती ओढावीत तसे ते एकेक करून ओढत आणावे लागायचे. कमरेच्या वर ती चारचौघींसारखीच होती. मनगटं बारीक, मान उंच. खाली मात्र जणू दुसऱ्याच कुणा बाईचे पाय जोडले होते. मांड्या, गुडघे, पोटऱ्या सगळं एकात एक मिसळून गेलेलं. ते जडपण घोट्याशी येऊन एकदम थांबायचं, कुणी तिथे दोरा आवळून बांधावा तसं, आणि त्याखाली मुलीसारखी लहानशी पावलं. मेजाचा कोपरा नुसता घासून गेला तरी दुसऱ्या दिवशी तिथे जांभळाएवढा डाग उमटायचा. मांजर उडी मारून मांडीवर बसलं तरी तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं.

न्हाण आलं त्या वर्षापासून पाय असे व्हायला लागले होते. तिला त्याचं फारसं नवल वाटलं नव्हतं, कारण हरमलला माहेरच्या घरात तसेच दोन पाय तिने जन्मापासून पाहिले होते. तिच्या आईचे. आई गंगा घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायची, बादल्या भरून ठेवायची, चादरी धुवायची, आणि हे सगळं सावकाश, भरतीच्या पाण्यातून चालावं तसं. वाड्यावरच्या बायका म्हणायच्या, "गंगाच्या घरात शीत पोटात जायना, पायात उतरता." शेवंतीने हे ऐकून भात सोडला. मेथीचं पाणी प्यायली, सोमवार केले, गुरुवार केले. चेहरा उतरला, गळ्याची हाडं वर आली. पाय होते तसेच राहिले.

लग्न होऊन ती मुळगावला आली. नवरा गोकुळदास तेव्हा खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्यावर त्याने एक जुनी बस घेतली आणि डिचोली ते पणजी अशा फेऱ्या मारू लागला. बायकोच्या पायांविषयी त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. दोघं कुठे निघाले की तो सवयीने पुढे जायचा, वळणावर थांबायचा, आणि ती येईपर्यंत कुणाच्या तरी माडाकडे असा टक लावून बघत राहायचा, की जणू तो माड बघायलाच तो थांबला आहे. शेवंतीला ते कळायचं. कळून बरंही वाटायचं आणि आत कुठेतरी रुतायचंही.

गावाच्या पाठीमागे बंद खाणीचा एक खड्डा होता. पंप थांबल्यावर तो पाण्याने भरला होता. हिरवंनिळं, काचेसारखं पाणी, ज्याला ना ओढ होती ना लाट. तिथे कुणी जात नसे. पण दुपारी जेवून डोळा लागला की शेवंती जायची. स्वप्नात ती लाल मातीच्या उतरणीवरून अलगद खाली यायची, पाण्यात शिरायची, आणि पहिल्याच पावलाला पाय हलके व्हायचे. मग नुसते हलके नाही, तर नाहीसेच. जाग आली की पहिल्यांदा पायांचं वजन परत यायचं, मग बाकीचं जग.

किनाऱ्याकडच्या एका गावात कुणीतरी नवं क्लिनिक काढलं होतं. शेजारणीच्या सांगण्यावरून शेवंती तिथे गेली. थंडगार खोली, भिंतीवर बायकांची चित्रं. घट्ट शर्टातल्या एका तरुणाने तिच्या पायांकडे न बघता पडद्यावर पाय दाखवले, आधीचे आणि नंतरचे.

"लायपोसक्शन, ताई. सकाळी या, चरबी ओढून काढतो, संध्याकाळच्या बसने घरी जा. काहीच नाही त्यात."

"आणि काय झालां तर?"

तो गोड हसला. "काही होत नाही. तुम्ही फक्त पॉझिटिव्ह राहा."

परत येताना ती गुंगीतच होती. त्या पडद्यावरचे पाय तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. घरी गोकुळदासला तिने सगळं सांगितलं. तो बसचं चाक बदलून आला होता, हात पुसत ऐकत होता.

"मी गाडी चालवतंय," तो म्हणाला. "जो डायवर सांगता ना, माझ्या गाडयेक कधी काय होना नाय, तेच्या गाडयेत मी माझां माणूस बसवचंय नाय. करूचां तर करूया गे. पण पणजेक मोठ्या इस्पितळात विचारून."

त्या दिवसांत आई हरमलहून येऊन राहिली होती. "मीय येतंय," ती म्हणाली. दोघी मायलेकी गोकुळदासच्याच बसने पणजीला गेल्या, पुढच्या जनेलाकडे, खिडकीशी बसून.

इस्पितळातल्या सर्जन डॉक्टर पद्मावती सावर्डेकर वयाने शेवंतीएवढ्याच असतील. त्यांनी आधी काही विचारलं नाही. खाली वाकल्या, पोटरीवर अंगठा ठेवला आणि हळूच दाबला.

"दुखतं?"

या पायांना लोक हसले होते, त्यांनी उपाय सुचवले होते, दुर्लक्ष केलं होतं. ते दुखतात का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेवंतीने होकाराची मान हलवली.

"याला लिपिडिमा म्हणतात," डॉक्टर सरळ होत म्हणाल्या. "बायकांनाच होतो बहुतेक. घराण्यातून येतो. ही चरबी खाण्याची नाही, म्हणून उपाशी राहून ती जातही नाही. तुमच्या घरात आणखी कुणाला?"

शेवंतीने आईकडे पाहिलं. गंगा खुर्चीवर ताठ बसली होती. तिने लुगड्याचा काठ ओढून घोट्याखाली घेतला आणि भिंतीकडे बघू लागली. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

ऑपरेशनने चरबी काढता येते, त्या म्हणाल्या, दुखणं पुष्कळ कमी होतं. "पण मी तुम्हाला गोड सांगणार नाही. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. आम्ही आधी पायात औषधाचं पाणी भरतो, मग बारीक नळीने चरबी ओढतो. एका वेळी थोडीच काढायची, लोभ करायचा नाही. म्हणून दोनदा यावं लागेल. रक्त जाऊ शकतं, जंतू शिरू शकतात. कातडी कुठे बधिर राहील, कुठे खळगे पडतील. आणि मला सगळ्यांत भीती वाटते ती गुठळीची. पायाच्या शिरेत रक्त गोठलं आणि तिथून ते फुप्फुसात गेलं, तर माणूस हातचं जातं. क्वचित होतं. पण होतं."

"आणि नंतर पाय चित्रातल्यासारखे होतले?" शेवंतीने विचारलं.

"नाही. तुमचेच राहतील. हलके होतील."

परतीच्या बसमध्ये म्हापसा मागे पडला. मग गंगा जनेलाबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी खाल्लंय म्हणान नाय?"

"नाय आये."

"माझी सासू शीत मोजून वाढी. एक कुलेर कमी. म्हणायची, पाय बघ तुझे." गंगाचा आवाज बसच्या घरघरीत मिसळून येत होता. "सासू गेली. मगे मीच कमी घेवक लागलंय. इतक्या वर्सात पोटभर शीत कसां लागता तां माका आठवनाच नाय गे."

शेवंतीने तिचा हात धरला. बाहेर मांडवीचं पाणी कधीच संपलं होतं आणि शेतं धावत होती.

त्या रात्रीच्या जेवणाला गंगाने माशाचं हुमण आणि भात घेतला, संपवला, आणि पुन्हा ताट पुढे केलं. गोकुळदासने भाताचं भांडं तिच्याजवळ सरकवून ठेवलं.

पण ऑपरेशनाचं नाव काढलं की मात्र ती रुसून बसायची. "पाय काय ऊस आसत, चरकात घालूक?" आणि एकदा, तुळशीला पाणी घालताना, पाठ फिरवून: "माका वाटायचां, ह्या माझां चेडू, माझीच लेक, पाय बघल्यार कोणय सांगात. तां आता तुका नको झालां."

शेवंती तिच्या जवळ जाऊन उभी राहिली. "आये, दुखतत गे," एवढंच ती म्हणाली. "तुजे दुखनत नाय?"

गंगाने तांब्या खाली ठेवला. "दुखतत," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

थंडीच्या दिवसांत ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी उभं करून शेवंतीच्या पायांवर निळ्या पेनाने रेघा ओढल्या, वेढे आणि वर्तुळं, नकाशात नद्या काढतात तशा. मग पाठीत एक सुई गेली. ऊब आली कमरेतून, खाली उतरली, गुडघ्यापर्यंत, पावलांपर्यंत, आणि तिथून बाहेर वाहून गेली. आणि पाय नव्हते. हातातल्या नळीतून कसलंसं झोपेचं औषध थेंबथेंब येत होतं. ती ना जागी होती ना झोपलेली.

हिरवा पडदा मध्ये होता आणि पडद्यापलीकडे हिरवं पाणी. लाल मातीच्या उतरणीवरून कुणीतरी येत होतं. दूर कुठेतरी यंत्र घुमत होतं, पंपासारखं. खाणीतलं पाणी उपसतात तसं काहीतरी उपसलं जात होतं, आणि कोरडं, लयीत पुढेमागे होणारं घासणं, नारळ खवतात तसं. आई खवते आहे, तिला वाटलं. आई कसल्याशा मोठ्या जेवणासाठी खवते आहे आणि सगळ्यांना वाढणार आहे. तिला दुखत नव्हतं. कुणीतरी विचारलं, "बऱ्या आहात ना, शेवंतीताई?" ती म्हणाली, "पाणी थंड आसा." आणि डॉक्टरांचं हसणं पडद्यावरून आलं, एखाद्या पक्ष्यासारखं तिच्यावरून उडून गेलं.

पाय परत आले ते आगीसारखे आले.

संध्याकाळीच तिला उठवून चार पावलं चालवलं. टाक्यांमधून गुलाबी पाणी झिरपत होतं, चादर भिजली होती. नर्स म्हणाली, ते यायलाच हवं, भरलेलं औषधाचं पाणी आहे. कमरेपासून घोट्यापर्यंत एक जाड, घट्ट पायजमा चढवला होता, श्वास अडेल इतका आवळ. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, हा पायजमा अंघोळीपुरताच काढायचा. पोटात घ्यायची रक्त पातळ ठेवणारी सुई चुकवायची नाही. आणि दर थोड्या वेळाने चालायचं. "कंटाळा आला तरी. दुखलं तरी."

मुळगावच्या घरी पहिल्यांदा तो पायजमा काढला तेव्हा शेवंतीने खाली पाहिलं आणि ती रडायलाच लागली. पाय आधीपेक्षाही जाड दिसत होते, सुजलेले, मांडीपासून पोटरीपर्यंत काळेनिळे, मध्येच पिवळे, पावसात राहिलेल्या केळीच्या पानासारखे. वजनही वाढलं होतं. "ह्याच्यासाठी?" ती हुंदके देत म्हणाली. "ह्याच्यासाठी केलां सगळां?"

"गप," गंगा म्हणाली. तीच राहिली होती लेकीचं करायला. "भात शिजायच्या आदी कोण ढाकण काढून बघता?"

आणि ती खाली बसली. तो पायजमा चढवणं म्हणजे एक कामच होतं. गंगा तो घडी घडी गोळा करायची, पावलात घालायची, आणि तळहातांनी वर सरकवत न्यायची, बोटभर, पुन्हा बोटभर. शेवंती कपाटाला धरून उभी असायची. ते हात आपल्या कुठल्या जागी दुखतं ते न विचारता ओळखतात, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. जिथे दुखायचं तिथे येण्याआधीच ते सैल व्हायचे. त्याच जागा, आईच्याही.

पुढचे दिवस धुक्यातून गेल्यासारखे गेले. गोळ्यांनी अंगावर पेंग असायची. दुपारी खिडकीच्या गजांची सावली भिंतीवरून चालत जायची आणि शेवंती तिच्याबरोबर. कुठूनतरी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा यायचा, कुठूनतरी फणसाच्या कोवळ्या कुयऱ्यांचा वास. पेज प्यायची, डोळे मिटायची. आई म्हणायची, "उठ, चल जरा." ती म्हणायची, "मगे." त्या गुंगीत इतकं बरं वाटत होतं, अशी निजून राहायची परवानगी तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मगे, मगे, करत चालणं आंगणापुरतं उरलं, मग खोलीपुरतं, आणि एका दिवशी तेवढंही झालं नाही.

एका सकाळी पायजमा चढवता चढवता गंगाचे हात थांबले. डाव्या पोटरीवर तिने तळहात ठेवला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या.

"ह्यो पाय काल असो नव्हतो."

"सूज आसा आये."

"सूज दोघांकय आसा. ह्यो गरम आसा. आणि दगडासारखो झालो." तिने खोबरेल तेलाची बाटली घेतली, झाकण काढलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच खाली ठेवली. "आदी त्या डाक्तरणीक फोन कर."

फोनवर डॉक्टरांचा आवाज एकदम सरळ झाला. "धाप लागते? छातीत दुखतं? नाही ना? पाय चोळू नका. अजिबात नाही. ताबडतोब निघा."

गोकुळदासची सकाळची फेरी त्याच वेळी मुळगावच्या तिठ्यावर येणार होती. दुसऱ्या गाडीची वाट बघण्यापेक्षा हेच लवकर, म्हणून शेजाऱ्यांनी शेवंतीला खुर्चीवर उचलून तिठ्यावर आणलं. बस आली ती भरलेली, कचेरीची माणसं, मासळीवाल्या, कॉलेजची पोरं. गोकुळदासने बायकोला खुर्चीत बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो सीटवरून उठून प्रवाशांकडे वळला.

"काय झालां?" पुढच्या सीटवरची मासळीवाली म्हणाली. मग तिने खुर्चीतली बाई पाहिली आणि स्वतःच मागे वळून ओरडली, "ए, मागचां बाक खाली करा! आणि सांगून ठेवतंय, पणजी येयसर कोणीय घंटी मारूची नाय!"

कुणी घंटी मारली नाही. ज्यांना वाटेत उतरायचं होतं ते उतरले नाहीत. मागच्या लांब बाकावर शेवंती आडवी होती, डोकं आईच्या मांडीवर. त्या मांडीवर डोकं टेकलं तर तिला दुखतं, हे शेवंतीला ठाऊक होतं. तिने मान उचलायचा प्रयत्न केला, पण गंगाने ती दाबून धरली. वर जनेलातून फक्त माडांचे शेंडे दिसत होते, एकामागून एक, आणि मधलं निळं आभाळ. बस इतकी सरळ आणि इतकी मऊ चालली होती की आपण रस्त्यावर आहोत असं वाटतच नव्हतं. मी मेले तर अशीच नेतील, शेवंतीच्या मनात आलं, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही. भीती वाटली ती वर आईचा चेहरा पाहिल्यावर. गंगाचे ओठ हलत होते. ती केळबायला काहीतरी सांगत होती, मागत नव्हती, भांडत होती.

सोनोग्राफीत गुठळी दिसली. पोटरीच्या शिरेतच होती, वर सरकली नव्हती.

"वेळेत आलात," डॉक्टर पद्मावती म्हणाल्या. "चालत होतात ना?"

शेवंतीने खरं ते सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. "सुया घेऊनसुद्धा होतं कधीकधी. पण चालायलाच हवं. झोप सोपी असते, मला ठाऊक आहे." मग त्या गंगाकडे वळल्या. "तुम्ही चोळलं नाहीत, फार बरं केलंत. आता तुमचे पाय बघू?"

या वेळी गंगाने काठ ओढला नाही. या वयात, रक्तदाब असताना ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मापाचे घट्ट मोजे मिळतात, त्यांनी जडपण उतरतं, दुखणं कमी होतं. गंगाने ते मोजे हातात घेऊन उलटसुलट केले. "ह्ये कोण चढयतला?" तिने विचारलं.

"मी," शेवंती खाटेवरून म्हणाली.

त्यानंतर घाई अशी कसलीच झाली नाही. गुठळीच्या गोळ्या बरेच महिने चालल्या, आणि त्या संपेपर्यंत दुसरं ऑपरेशन पुढे ढकललं. शेवंती रोज चालली. आधी आंगणात, मग काजूच्या चढापर्यंत. निळे डाग हिरवे झाले, हिरवे पिवळे झाले, आणि एक दिवस दिसेनासे झाले. सूज इतकी सावकाश उतरली की ती उतरताना कुणाला दिसली नाही, ओहोटी दिसत नाही तशी. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक खळगा राहिला. उजव्या मांडीवरचा हातभर तुकडा बधिरच राहिला, तिथे हात लावला की दुसऱ्याच कुणाला हात लावल्यासारखं वाटायचं. मांड्या अजून जाडच होत्या. पण मांजर मांडीवर येऊन बसलं आणि झोपलं, आणि ती बसून राहिली.

गणपतीच्या चवथीला सगळी माणसं मुळगावच्या घरी जमली. मूर्तीच्या वर फळांची माटोळी बांधली होती. तवशी, तोरिंगणां, सुपाऱ्यांचे घोस. आरत्या झाल्या, जेवणं झाली, आणि दुपारी बायका खोलीतली मेजं बाजूला सारून फुगडीला उभ्या राहिल्या. शेवंती भिंतीशी बसली होती. शेजारच्या वत्सलाने येऊन नुसते दोन्ही हात पुढे केले.

"माका येना नाय," शेवंती म्हणाली. खरंच येत नव्हती. चौदाव्या वर्षापासून ती भिंतीशीच बसत आली होती.

"येना नाय कशी? धर."

तिने हात धरले. पावलं जुळवली, मागे रेलली. आधी खोली हळूच हलली. मग माटोळीतली तवशी एकमेकांत मिसळली, दारातलं ऊन भिंतीवर आलं आणि पुन्हा दारात गेलं, बायकांचं गाणं भोवती वर्तुळ करून फिरू लागलं. वत्सलाचा चेहरा तेवढा जागच्या जागी होता, हसणारा, आणि बाकी सगळं वाहत होतं. पाय दुखतील म्हणून ती वाट पाहत होती. ते दुखले थोडे, मग ती विसरून गेली.

दारात गोकुळदास येऊन उभा होता. आज तो तिच्याकडेच बघत होता.

"पुरे गे," गंगा कोपऱ्यातून नेवरी खात म्हणाली. "घेरी येतली."

"येव दे," शेवंती म्हणाली, आणि वत्सलाचे हात आणखी घट्ट धरले.